आठ दहाचा मिक्सर

रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहा, असं म्हणाल्या होत्या
शाल्मलीच्या शाळेतल्या समुपदेशक बाई.
मी अप्पा बळवंत चौकातून वही आणली
आणि तीन आठवडे तिच्यात इस्त्रीवाल्याचा हिशेब लिहिला.
सात शर्ट, दोन साड्या, एक चादर.
चांगल्या गोष्टी त्या वर्षी
हाताला लागत नव्हत्या.

आनंदनगर, तिसरा मजला. नऊ वर्षांची मुलगी,
कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच जिला कळते
आणि जी पलंगाखाली जाते.
आम्ही डाळ पातेल्यात शिजवू लागलो.
वृंदा म्हणते, चव येते. मी म्हणतो, गॅस जातो.
दोन्ही खरं.
पण भिंतीपलीकडच्या मेहेंदळेबाईंना
चटणी मिक्सरवरचीच लागायची,
आणि वेळ त्यांची त्यांची.

टेलिफोन खात्यातून निवृत्त. दारावर पाटी:
दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.
वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.
मी वाजवली. अडीच वाजले होते.
माझ्यामागे शाल्मली कठड्यावर कपाळ आपटत होती
आणि मी जे बोललो त्यात विनंती थोडी,
आरडाओरडाच जास्त.
दार उघडलं होतं. बाई ऐकत राहिल्या.
चष्मा पदराला पुसला.
"आधी कळलं तर चालतं का तिला?"

सहा वर्षांत हा प्रश्न
कुणी विचारला नव्हता.
आम्हीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाची चिठ्ठी,
अक्षर पाटीवरचंच, टोकदार:
मिक्सर ८.१० वाजता. एकूण चाळीस सेकंद.
रविवारी साठ (पाहुणे).
शाल्मलीनं ती तीनदा वाचली.
आठ नऊला कानांवर हात.
आठ दहाला भिंत घुरघुरली.
तिनं मोठ्यानं मोजले चाळीस,
हात काढले
आणि दूध प्यायली.

मग ते जिन्यावरून खाली उतरलं, कसं ते ठाऊक नाही.
भाजीवाल्या कौशल्याबाई गाडी उभी करून आधी हळूच विचारतात,
"शालू, ओरडू का गं?"
आणि गॅलरीतून हात हलेपर्यंत थांबतात,
मेथी उन्हात सुकत असली तरी.
नदीकाठच्या ढोल पथकातला यशोधन फोन करतो:
काका, आज साडेसात ते नऊ,
शेवटची पंधरा मिनिटं जोरात.
ढोल थांबत नाही. थांबावा असं आम्हीही म्हटलं नाही.

वाईट दिवस असतातच.
मे महिन्यात शेजारच्या इमारतीत ड्रिल सुरू झालं,
कुणाचीच चिठ्ठी नव्हती,
आणि माझ्या मनगटावर तिच्या दातांची गोल खूण
आठवडाभर राहिली.
त्या रात्री मी तिच्यावर ओरडलो.
वहीत तेही लिहिलेलं नाही.

परवा मेहेंदळेबाई नाशिकला लेकीकडे गेल्या,
मोतीबिंदूच्या ऑपरेशनला.
सांगून गेल्या होत्या, पण मला. तिला सांगायचं राहून गेलं.
दाराला कुलूप. चिठ्ठी नाही.
शाल्मलीनं बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला,
त्यात सगळ्या चिठ्ठ्या, तारखेवार.
एक निवडली, बाईंच्या बंद दारावर चिकटवली,
पाटीच्या खाली, अगदी सरळ.
आठ नऊला कानांवर हात ठेवून उभी राहिली.
आठ दहा झाले.
चाळीसपर्यंत मोजलं.
जिन्यात कुठंतरी नळ ठिबकत होता.
"नाही झाला," ती म्हणाली.
आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता,
"नाही झाला."

याचा अर्थ मी लावणार नाही.
मोह होतो.
रात्री वही उघडली. हिशेबाच्या खाली लिहिलं:
सात शर्ट, एक चादर,
चाळीस सेकंद.
इस्त्रीवाल्याचे बत्तीस रुपये
अजून द्यायचेत.